कोपरभर पाण्यातला पंजा

माझी आत्या घाबरट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बांधावर साप आडवा आला तर ती त्याला काठीने बाजूला सारून म्हणायची, "जा बाबा, मला कामं आहेत." खताची गाडी कमी भरून आणणाऱ्या गोठेवाल्याला ती अशी झापायची की बिचारा पुढच्या खेपेला शिगोशिग ढीग रचून आणायचा आणि त्यातलं निम्मं रस्त्यात सांडायचा. नाकावर माशी बसू देणारी ती नव्हेच. पण एका गोष्टीला मात्र ती भ्यायची. ती गोष्ट म्हणजे दाट पाणी.

ज्यांचा माशांशी संबंध फक्त ताटात येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तळ्यातल्या माशाला निम्मं जेवण माणूस घालतो आणि निम्मं पाणी घालतं. कुजलेलं शेणखत पाण्यात पडलं आणि वर चांगलं ऊन मिळालं की पाण्यात बारीक हिरवळ धरते. इतकी बारीक, की नुसतं पाणीच हिरवं झाल्यासारखं वाटतं. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे किडे पोसतात आणि या दोघांवर मासे पोसतात. तळ्याचं पाणी काचेसारखं दिसायला लागलं की पाहुणे म्हणतात "वा!", आणि तळेवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं, कारण तसल्या पाण्यात खायला काहीच नसतं. उलट खत जास्त झालं तर ते कुजता कुजता पाण्यातली हवा खाऊन टाकतं. हिरवळ नवी हवा करते ती उन्हात, तेव्हा त्यात आभाळ भरून आलं तर संपलंच. पहाटे मासे वर येऊन तोंडं वासत राहतात. त्यांना उपाशी मारायचं नाही आणि गुदमरूही द्यायचं नाही, एवढीच काय ती विद्या.

ही विद्या आत्याच्या उजव्या हातात होती. बाही वर सारायची, काठावर गुडघे टेकायचे, हात कोपरापर्यंत सरळ पाण्यात घालायचा, बोटं पसरायची आणि वरून बघायचं. पंजा लख्ख दिसला तर खत घाला. जेमतेम दिसला तर छान, आज कशाला हात लावू नका. कोपर बुडायच्या आतच पंजा गायब झाला तर खत बंद, विहिरीचं ताजं पाणी सोडा आणि देवाचं नाव घ्या. तिचा तो हात कोपरापर्यंत दुसऱ्या हातापेक्षा काळपट झाला होता. जणू कुणी दोन वेगळ्या बायकांचे हात तिला लावले होते. आम्ही लहानपणी तिला चिडवायचो, "आत्या, हा हात धुतेस की नाही?" ती तोच हात उगारायची.

तळी मुळात वीटभट्टीची. भट्टीवाल्यांनी माती काढून काढून खड्डे पाडले आणि भट्टी बंद पडल्यावर ते तसेच सोडून निघून गेले. आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, ते घेतले, बांध घातले आणि त्यांत मासे सोडले. काका भारी उत्साही माणूस. धीर धरणं मात्र त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. मासे लवकर वाढावेत म्हणून एका वर्षी त्यांनी शेणखताच्या जोडीला कोंबडीखत आणलं, तेही ओलं, न कुजवलेलं. कोंबडीखत जहाल असतं. आत्या म्हणाली, "आभाळ भरलंय, ऊन पडू दे." काका म्हणाले, "ऊन काय, येईलच की!" आणि त्यांनी घमेली रिकामी केली. ऊन काही आलं नाही. एका पहाटे आत्या बांधावर गेली तर सगळं तळं पांढरं. तिला वाटलं, धुकं उतरलंय. जवळ गेल्यावर कळलं, ती पोटं होती.

काकांनी असा धसका घेतला की ते पुन्हा तळ्याकडे फिरकले नाहीत. काही वर्षांनी ते खोकल्याच्या आजाराने गेले, पण आत्या म्हणायची, ते त्या पहाटेच गेले होते. मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटलं, आता ही तळी विकून भावाकडे येईल. तिने विकली नाहीत. पदर खोचला आणि खत आपल्या हातात घेतलं. शेणखत कोपऱ्यात ढीग करून पालापाचोळ्याखाली कुजवायचं, त्याचा वास मातीसारखा झाला की गोणीत भरायचं आणि गोणी बांबूला टांगून पाण्यात सोडायची. चहाची पुडी कपात सोडतात तशी. म्हणजे खत एकदम अंगावर येत नाही, हळूहळू उतरतं आणि जास्त वाटलं तर गोणी वर ओढता येते. "घातलेलं खत परत काढता आलं पाहिजे," असं ती म्हणायची. काकांनी ओतलेलं काढता आलं नव्हतं ना.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आत्या तर ताकाकडे नुसतं बघूनच फुंकर मारायची. पण तिचे मासे असे यायचे की बघत राहावं. मी बाजारात मासे विकते. आत्याचा चंदेरा फळीवर मांडला की मला ओरडायची गरज पडत नसे. पाठ रुंद, पोट भरलेलं, खवले चकचकीत. चंदेरा हा मासा पाण्यातली हिरवळच गाळून खातो. त्याचं अंग बघावं आणि पाणी कसं असेल ते ओळखावं.

आणि त्या वर्षी आत्याकडून जो चंदेरा आला तो बघून मला लाज वाटली. डोकी तेवढी मोठी आणि मागे नुसतं शेपूट. पाठीला सुरीसारखी धार. एक नेहमीची गिऱ्हाईक बाई मासा उलटा-पालटा करून म्हणाली, "काय गं, आता डोकी विकायला लागलीस का?" मी तिला चार शब्द सुनावले, पण ती खोटं बोलत नव्हती. मला पहिला संशय आला तो गोठेवाल्याचा. म्हटलं, म्हातारीला माती विकत असेल खत म्हणून. मी आत्याला फोन लावला.

"खत कुठलं गं?" ती म्हणाली. "खत कधीचं बंद केलंय. पाणी दाट झालंय."

"दाट? आणि मासे असे काडीसारखे?"

"आजारी पडले असतील. मला काही कळेनासं झालंय. रोज पहाटे जाऊन बसते. वाटतं, आज वर येतील, उद्या येतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला भीती वाटते गं."

आत्याच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळी झाकली आणि सरळ तिच्याकडे गेले.

ती मोठ्या तळ्याच्या बांधावर बसली होती, मांडीवर लांब बांबू आडवा घेऊन. मासे तोंड वासायला लागले की पाणी झोडपायचं, म्हणजे हवा मिसळते, त्यासाठी तो बांबू. डोळे लाल झालेले, पापण्या सुजलेल्या. विहिरीवरचा पंप धडधडत होता आणि ताज्या पाण्याची धार तळ्यात पडत होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि विचारलं, "कोण?" मी नाव सांगितल्यावर हसली. मला वाटलं, उन्हाकडे तोंड आहे तिचं, म्हणून ओळखलं नसेल.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "उद्या मोठा पंपवाला येतोय. हे तळं उपसून टाकते. मासे व्यापाऱ्याला देते, काय भाव देईल तो देईल."

"एवढ्याशा माशांना कोण भाव देणार? वेड लागलंय का तुला?"

"मेलेले विकण्यापेक्षा जिवंत विकलेले बरे. हे उपसते, मग बाकीची दोन उपसते. सगळ्या पाण्याला काहीतरी झालंय."

मी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यातला खताचा ढीग वाळून गेला होता आणि त्याच्यावर गवत वाढून त्याला तुरे आले होते. बांबूंना टांगलेल्या गोण्या रिकाम्या, वाऱ्यावर हलत होत्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाण्यात कधीपासून कणभर खत पडलं नव्हतं आणि ही बाई वरून विहिरीचं पाणी ओतत होती. मग ते दाट होईलच कसं?

"दाखव बरं मला," मी म्हटलं.

तिने बाही वर सारली आणि काठावर गुडघे टेकले. हात पाण्यात घातला. कोपर बुडायच्या आतच ती म्हणाली, "गेला. बघ, पंजा गेला. मनगटसुद्धा दिसत नाही आता." तिचा चेहरा इतका पांढराफटक पडला होता की तिच्याकडे बघून मलाच धडकी भरली. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि माझा हात तिच्या हाताला लागून आत घातला.

मला माझा पंजा दिसला. अंगठ्यावर सुरीचा व्रण आहे, तो दिसला. नखात अडकलेला खवला दिसला. आणि माझ्या पंज्याशेजारी तिचा पंजा दिसला, पाचही बोटं ताणून पसरलेली.

माझं तोंड माझ्या डोक्याच्या नेहमी पुढे धावतं. "आत्या, दिसतोय की गं!" मी मोठ्याने म्हटलं. "माझाही दिसतोय आणि तुझाही दिसतोय! पाणी तर आरशासारखं..."

आणि मग मला कळलं. मी वाक्य तिथेच सोडलं. पाण्यात आमचे हात शेजारी शेजारी होते आणि तिची बोटं हळूहळू मिटली.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना घाबरले आहे, पण अशी कधीच नाही. माझं माणूस माझ्याच शेजारी बसलं होतं, तिचा हात मला दिसत होता आणि तिला दिसत नव्हता.

"तुझा हात आखूड आहे," आत्या म्हणाली.

"असेल."

"आखूड हाताचा पंजा वरच राहतो. तो दिसणारच."

"आत्या, तुझाही..."

"गोठेवाल्याला बोलाव!"

गोठेवाला पलीकडेच म्हशींना पाणी दाखवत होता. तो आला, त्याने हात घातला. माणूस उंच, हात चांगला लांबलचक. "वहिनी, पाणी एकदम साफ आहे," तो म्हणाला, "मी तर कधीचं म्हणणार होतो की खत का थांबवलंत, पण तुमच्यापुढे बोलायचं कुणी?" आत्या उसळली. म्हणाली, याला खत खपवायचंय, म्हणून हा असं बोलतोय. तुम्ही दोघं संगनमताने आला आहात. मग ती उठली आणि बांधावरून तरातरा दुसऱ्या तळ्याकडे निघाली. बांध जेमतेम पाऊलभर रुंद, दोन्हीकडे पाणी. आतापर्यंत मी तिला त्याच्यावरून हजारदा चालताना पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की ती खाली बघत नाही. पाय तिला बांध सांगत होते. मी जीव मुठीत धरून मागे चालत राहिले. हाक मारायची माझी छाती झाली नाही. दचकून पाय चुकला असता तर?

दुसऱ्या तळ्यात तिने हात घातला. लगेच काढला. मग तिसऱ्यात. तिथूनही काढला. ओल्या हाताने पदर सावरला आणि घराकडे वळली. घराच्या मागच्या दाराशी पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे, लाकडी झाकणाची. तिने झाकण बाजूला केलं. मी म्हटलं, "आत्या, राहू दे ना." तिने ऐकलं नाही. ती स्वतः जे पाणी पिते त्या पाण्यात तिने तो काळपट हात कोपरापर्यंत घातला, बोटं पसरली आणि वरून बघितलं.

टाकीच्या तळाला कधीतरी पडलेला एक चमचा होता. मला त्याच्यावरची नक्षीसुद्धा दिसत होती.

आत्या बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "हे पण दाट झालंय गं."

एवढं बोलून ती टाकीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला धरलं. गोठेवाला दारापर्यंत आला होता, तो तसाच परत गेला आणि त्याने विहिरीवरचा पंप बंद केला. एकदम शांत झालं.

नंतर मी तिच्या स्वयंपाकघरात चहा ठेवला तेव्हा एकेक गोष्ट दिसायला लागली. कपाच्या कडेशी बोट धरून ती चहा ओतून घेत होती. मिठाच्या डब्याला दोरा बांधला होता, साखरेच्या डब्याला नव्हता. ही सगळी सोय तिने स्वतःच हळूहळू केली होती आणि स्वतःलाही कळू दिली नव्हती. घर पाठ, बांध पाठ, माणसं आवाजावरून पाठ. नुसतं बघूनच कळेल असं तिच्या दिवसात एकच काम उरलं होतं, पाण्यात पंजा बघायचं. म्हणून सगळा दोष पाण्याच्या माथी गेला.

"पाण्याचं काहीतरी करता येतं," ती म्हणाली. "उपसता येतं, बदलता येतं. म्हणून मी पाणीच धरून बसले. डोळ्यांचं काय करायचं?"

"डॉक्टरकडे जायचं."

"माझ्या आईला नेलं होतं डॉक्टरकडे."

तिची आई म्हणजे माझी आजी. मी तिला पाहिली ती आंधळीच. कोपऱ्यात बसलेली, पायाचा आवाज आला की मान वर करणारी. आमच्या घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. आत्या चार दिवस काही केल्या ऐकेना. मी चिडले, ओरडले, रुसून बसले. शेवटी म्हटलं, "ठीक आहे. बस घरात. पण खताचं मला कळत नाही आणि गोठेवाल्याचा भरवसा नाही. मग पाणी कोण बघणार?" ती उठून आत गेली. मग पेटीतून चांगली साडी काढली.

पंपवाल्याला मी पहिल्याच दिवशी नको म्हणून कळवलं होतं. जायच्या आधी तिने गोठेवाल्याला बांधावर उभं करून सगळं पढवलं. कुजलेल्या ढिगातलंच खत घ्यायचं, मोठ्या तळ्यात आधी दोनच गोण्या सोडायच्या, आभाळ भरलं की लगेच वर ओढायच्या. "आणि हात घालून बघायचं. तुझा हात लांब आहे, कोपराच्या चार बोटं अलीकडेच थांबायचं. शहाणपणा करू नकोस." "नाही करणार, वहिनी," तो म्हणाला. बिचारा पहिल्यांदाच तिच्याशी बोलताना खाली बघत नव्हता, तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हणाल्या, इतके दिवस कसं काढलंत? मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोतीबिंदू काढणं अवघड नाही. पण तो इतका घट्ट झालाय की त्याच्यामागचा पडदा मला दिसतच नाहीये. पडदा चांगला असेल तर दिसेल. तो खराब असेल तर मोतीबिंदू काढूनही उपयोग होणार नाही. काढल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही." मी हे आत्याला कसं सांगू म्हणून उभी राहिले, तर ती बाकावरूनच म्हणाली, "सगळं ऐकलंय मी. कान शाबूत आहेत."

एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी तिला हिरवा गाऊन घातला आणि आत न्यायला वेळ होता म्हणून आम्ही दोघी वऱ्हांड्यात बसलो. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. तिथे तिने मला आजीचं ते सांगितलं.

"आईची पट्टी काढली तेव्हा मीच होते तिच्याजवळ. मी केवढी, परकर नेसायचे. भर दुपार होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, आईने डोळे उघडले आणि विचारलं, 'वीज गेलीय का गं?' डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, 'हो आई, गेलीय.'"

मी तिच्या खांद्यावरचा गाऊन सारखा केला.

"मग घरी आल्यावर रोज विचारायची, 'आली का वीज?' मी म्हणायचे, येईल. भर उन्हात बसून विचारायची. मी म्हणायचे, येईल हं. मग एक दिवस विचारायचं थांबली. तिला कधी कळलं ते मला माहीत नाही. मी तिला सांगितलं नाही आणि तिने मला सांगितलं नाही." तिने माझ्या चेहऱ्याकडे तोंड वळवलं, थोडं चुकून, माझ्या कानाकडे. "मी तसं विचारलं तर तू खोटं बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. पण ती रात्र पार पडली कशी ते मलाच माहीत. आत्या पट्टी बांधून गुपचूप पडून होती, झोपली की नुसती पडलीय ते कळत नव्हतं. मी नको नको ते मनात आणत होते. कोपऱ्यात बसलेली आजी दिसायची आणि तिच्या जागी आत्या बसायची. मग तळी दिसायची. मग मी उठून पाणी प्यायचे.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. परिचारिकेने आत्याला पलंगावर बसवलं. खिडकी पूर्वेला होती आणि खोलीभर ऊन पसरलं होतं, भिंतीवर, चादरीवर, आत्याच्या हातांवर. मला दरदरून घाम फुटला होता. भीतीनेच, दुसरं काय असणार. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, कापूस काढला, पापणी पुसली. "आता हळूच उघडा," त्या म्हणाल्या.

आत्याने डोळा उघडला. डोळ्यातून पाणी आलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं नाही. मान मागे टाकली आणि कुठेतरी वर, रिकाम्या जागेकडे तोंड करून राहिली. मग तिने विचारलं,

"वीज गेलीय का गं?"

मी पलंगाची दांडी धरली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. खोलीत लख्ख ऊन होतं. मी शपथ घेतली होती. मी तोंड उघडलं, नाही आत्या, असं म्हणायला, आणि आवाजच फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं, रडतेस कशाला?" आत्या म्हणाली. तिने तोच काळपट हात वर केला आणि छताकडे बोट दाखवलं. "वर बघ ना. पंखा थांबलाय. आणि पात्यांवर धूळ तरी केवढी!"